परदेशी कंपनी घेताना सिंडिकेट कर्ज: फेडीचा पैसा कोणत्या खात्यातून निघणार?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत वाहनांचे अचूक सुटे भाग बनवणारी एक कौटुंबिक कंपनी जर्मनीतील त्याच धंद्यातील एक कंपनी विकत घेऊ पाहते आहे. सौद्याची किंमत सुमारे 5 कोटी युरो आहे आणि जर्मन कंपनीचा व्याज, कर व घसारा वजा होण्यापूर्वीचा वार्षिक नफा, म्हणजे एबिट्डा, 1 कोटी युरोच्या आसपास आहे. नाशिकच्या कंपनीची नक्त मालमत्ता 700 कोटी रुपये असून तिचे कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाचे कर्ज, आणि मुदत कर्ज तीन बँकांच्या कन्सॉर्शियमकडे, म्हणजे एकत्र कर्ज देणाऱ्या गटाकडे, आहे. लीड बँकेने सांगितले आहे की साडेतीन कोटी युरोचे कर्ज सिंडिकेट करू, म्हणजे एकाच करारावर अनेक बँकांकडून उभे करू, फक्त मूळ कंपनीची कॉर्पोरेट गॅरंटी, म्हणजे कंपनीने स्वतः दिलेली फेडीची हमी, द्यावी लागेल. कंपनीचे वित्तप्रमुख विचारतात की सिंडिकेट हे कन्सॉर्शियमपेक्षा वेगळे कसे, ही हमी द्यावी का, आणि कागदावरची मंजुरी ते विक्रेत्याच्या हातात पैसा, यात किती काळ जातो.

बँकेच्या परकीय कर्ज विभागात माझी अठ्ठावीस वर्षे गेली, बहुतेक मुंबईत आणि काही लंडनमध्ये. त्या अनुभवावरून माझे पहिले म्हणणे असे की हमी, कर्जाची रक्कम आणि बँकांची निवड यांपैकी काहीही ठरवण्याआधी एका गोष्टीचे लेखी उत्तर तयार करा. या कर्जाचा प्रत्येक सहामाही हप्ता नेमक्या कोणत्या कंपनीच्या, कोणत्या देशातील खात्यातून आणि कोणाच्या परवानगीने निघणार आहे, हे ते उत्तर. साडेतीन कोटींचा आकडा किमतीच्या सत्तर टक्के या हिशेबाने आलेला दिसतो. किमतीचा टक्का हे कर्ज मोजण्याचे माप नव्हे, कारण हप्ता किमतीतून फेडला जात नाही. तो रोख शिलकीतून फेडला जातो.

हिशेब ढोबळ मांडून पाहू. वर्षाचा एबिट्डा 100 लाख युरो. त्यातून यंत्रसामग्री चालू स्थितीत ठेवण्याचा खर्च 25 लाख, कर 15 लाख आणि खेळत्या भांडवलातील वाढ 5 लाख वजा केले की कर्जफेडीसाठी 55 लाख उरतात. साडेतीन कोटी युरोवर व्याज सहा टक्के धरले तर 21 लाख होते, आणि पहिल्या वर्षी मुद्दलाचे आठ टक्के फेडायचे ठरले तर 28 लाख. एकूण 49 लाखांच्या देण्यासमोर 55 लाख म्हणजे 1.12 पट. आता एका मोठ्या ग्राहकाने मागणी कमी केली आणि एबिट्डा 80 लाखांवर आला असे समजा. खर्च आवळून 20 लाख, कर 9 लाख, खेळत्या भांडवलात वाढ नाही, म्हणजे हाती 51 लाख आणि गुणोत्तर 1.04. हप्ता वेळेवर गेला आहे, एक युरोही थकलेला नाही, पण करारात हे गुणोत्तर 1.20 च्या खाली जाऊ नये अशी अट असेल, आणि बहुधा असतेच, तर कर्जदार कराराच्या दृष्टीने कसूरवार ठरतो. चांगल्या वर्षातही तो 1.12 वरच होता, हे लक्षात घ्या. म्हणजे पहिल्या दिवसापासून अटीच्या बाहेर.

तोच हिशेब 3 कोटी युरोवर करा. व्याज 18 लाख, मुद्दल 24 लाख, एकूण 42 लाख. चांगल्या वर्षी 1.31, वाईट वर्षी 1.21. हे कर्ज उभे राहते. म्हणून माझ्या मते या सौद्याला 3 कोटी युरोपेक्षा जास्त बँक कर्ज नको. राहिलेले 50 लाख युरो आणखी एखाद्या बँकेकडून न आणता विक्रेत्याकडूनच उधारीवर ठेवून घेण्याचा प्रयत्न करावा. 2022 च्या परदेशी गुंतवणूक नियमांत मोबदल्याचा काही भाग पुढे ढकलून देण्याची सोय आहे, मात्र ते वेळापत्रक खरेदी करारात स्पष्ट असावे लागते. बँका त्यावर अट घालतील की विक्रेत्याची ही उधारी आमच्या मागे उभी राहील, म्हणजे आधी बँका, मग विक्रेता, आणि ती अट रास्त आहे. विक्रेता मालक स्वतः निवृत्त होत असेल आणि दोन वर्षे सल्लागार म्हणून राहणार असेल तर तो अशा उधारीला बहुधा राजी होतो, असा माझा अनुभव आहे.

उरलेले दीड कोटी युरो आणि वकील, सल्लागार व बँकांचे शुल्क मिळून सुमारे पावणेदोन कोटी युरो हे नाशिकच्या कंपनीचे स्वतःचे भांडवल. युरो शंभर रुपये धरला तर 175 कोटी रुपये होतात. ही रक्कम कॅश क्रेडिट खात्यातून जाता कामा नये. मोठी ऑर्डर हातात असताना खेळते भांडवल परदेशी पाठवून दिलेल्या आणि नंतर पोलाद खरेदीसाठी तिष्ठत बसलेल्या कंपन्या मी पाहिल्या आहेत. बँकेच्या भाषेत हा अल्प मुदतीच्या पैशाचा दीर्घ मुदतीसाठी केलेला वापर ठरतो आणि पुढच्या नूतनीकरणाच्या टिपणीत पहिल्या पानावर तोच शेरा येतो. जमिनीवर मुदत कर्ज काढून भांडवल उभे करण्याचा विचार असेल, तर सातपूर आणि अंबडचे भूखंड एमआयडीसीच्या भाडेपट्ट्याचे असतात आणि ते गहाण टाकायला महामंडळाची संमती लागते, हे वेळापत्रकात धरा. पण मुळात भांडवलही कर्जाचे आणि कर्जही कर्जाचे अशी दुहेरी रचना मी करू देणार नाही. जर्मन कंपनीने पहिली दोन वर्षे लाभांश दिला नाही तरी नाशिकची कंपनी स्वतःच्या पायावर उभी राहिली पाहिजे.

आता सिंडिकेट आणि कन्सॉर्शियम यांतील फरक. कन्सॉर्शियम आपल्या ओळखीचे आहे. लीड बँक असते, महिन्याला स्टॉक स्टेटमेंट जाते, त्यावरून ड्रॉइंग पॉवर, म्हणजे खात्यातून उचलता येणारी रक्कम, ठरते, साऱ्या बँकांचा चालू मालमत्तेवर समान दर्जाचा बोजा असतो, पण प्रत्येक बँक आपले मंजुरीपत्र वेगळे देते आणि आपल्या अटी वेगळ्या ठेवते. सिंडिकेटमध्ये एकच करार असतो आणि त्यावर सगळ्या बँका सही करतात. अरेंजर बँक कर्जाची बांधणी करते, माहितीपुस्तिका तयार करून इतर बँकांना सहभागासाठी बोलावते. कर्ज उभे राहिल्यावर एजंट बँक हप्ते गोळा करते, वाटप करते आणि नोटिसा पाठवते, तर तारण विश्वस्त सर्वांच्या वतीने तारण सांभाळतो. प्रत्येक बँकेची जबाबदारी फक्त स्वतःच्या वाट्यापुरती असते. एका बँकेने ऐन वेळी पैसे दिले नाहीत तर दुसरी ते भरून देण्यास बांधील नसते.

हा प्रकार मोठ्या सौद्यांसाठी जन्माला आला, कारण एवढा मोठा बोजा एकट्या बँकेला उचलता येत नाही आणि उचलू दिलाही जात नाही. रिझर्व्ह बँकेच्या चौकटीत एका कर्जदारावरील बँकेची जोखीम साधारणपणे तिच्या टिअर-1, म्हणजे मुख्य, भांडवलाच्या 20 टक्क्यांपर्यंत मर्यादित आहे. तीन कोटी युरोच्या कर्जाला मात्र पूर्ण सिंडिकेट लागत नाही. तीन बँका प्रत्येकी सुमारे एक कोटी घेतील, सगळ्या पहिल्या दिवसापासून एकाच टेबलावर बसतील, आणि नंतर बाजारात वाटप करण्याचा प्रश्नच येणार नाही, अशा रचनेला क्लब डील म्हणतात. मी तीच सुचवीन. त्यात माहितीपुस्तिकेचा खर्च वाचतो आणि अंडररायटिंगचे, म्हणजे कर्ज न खपल्यास ते स्वतः घेण्याच्या हमीचे, शुल्कही वाचते. शिवाय मार्केट फ्लेक्स नावाचे जे कलम असते, ज्यानुसार कर्ज बाजारात खपले नाही तर अरेंजरला व्याज आणि अटी बदलता येतात, तेही टळते. तीनपैकी एक बँक जर्मनीत प्रत्यक्ष शाखा असलेली असावी, कारण रोजची खाती तिथे चालतील. उरलेल्या दोन भारतीय बँका आपल्या परदेशी शाखेतून किंवा गुजरातमधील गिफ्ट सिटी या आंतरराष्ट्रीय वित्तकेंद्रातील शाखेतून युरोमध्ये कर्ज देऊ शकतात. देशातील कंपनीचे शेअर विकत घेण्यासाठी कर्ज देण्यावर आपल्या बँकांना दीर्घकाळ कडक बंधने होती आणि त्यासाठीची नवी चौकट रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2025 मध्ये जाहीर केली. परदेशातील कंपनी घेण्यासाठीची वाट मात्र त्याआधी कित्येक वर्षांपासून खुली आहे, त्यामुळे आपल्या सौद्याला तो अडसर नाही.

कर्ज कोणाच्या नावावर, हा यानंतरचा प्रश्न, आणि हमीचे उत्तर त्यातच आहे.

नेहमीची रचना अशी की नाशिकची कंपनी जर्मनीत एक होल्डिंग कंपनी स्थापन करते, तिथल्या मर्यादित कंपनीला किमान 25 हजार युरो भांडवल लागते, आणि ही होल्डिंग कंपनी नाशिकचे भांडवल व बँकांचे कर्ज एकत्र करून चालू कंपनीचे शेअर घेते. कर्जदार होल्डिंग कंपनी, पण कमाई तिच्या खालच्या कंपनीत. हा एक मजला वर पैसा कसा चढणार, हे कागदावर यावे लागते. जर्मनीत त्यासाठी दोन कंपन्यांमध्ये किमान पाच वर्षांचा नफा-हस्तांतरण करार करण्याची पद्धत आहे, त्यामुळे होल्डिंग कंपनीचे व्याज खालच्या कंपनीच्या नफ्यातून करासाठीही वजा होऊ शकते. बँका खालच्या कंपनीची हमीही मागतील. मात्र जर्मन कायदा मर्यादित कंपनीच्या मूळ भांडवलाला हात लावू देत नाही, त्यामुळे त्या हमीला मर्यादा घालणारे एक लांबलचक कलम जोडले जाते. भारतीय बँकेचा अधिकारी ते वाचून अस्वस्थ होतो आणि मग नाशिककडे वळून म्हणतो की राहू द्या, मूळ कंपनीचीच गॅरंटी द्या. आपल्या लीड बँकेची मागणी याच अस्वस्थतेतून आली असावी, असे मला वाटते. तिच्यावर उपाय कलम नीट समजावून सांगण्याचा आहे. सातपूरचा कारखाना पणाला लावण्याची गरज नाही.

भारतीय उद्योगाने ही रचना पंचवीस वर्षांपूर्वीच करून दाखवली आहे. टाटा टीने 1995 मध्ये ब्रिटनमधील टेटली घेण्याचा प्रयत्न केला होता आणि तो निधीअभावी फसला. 2000 साली तीच कंपनी 27.1 कोटी पौंडांना घेतली, तेव्हा ब्रिटनमध्ये स्वतंत्र कंपनी उभी करून कर्ज तिच्या नावावर ठेवले आणि फेड टेटलीच्या कमाईतून ठरवली. टाटा टीचा धोका तिने घातलेल्या भांडवलापुरता राहिला. कोरसच्या वेळी, 31 जानेवारी 2007 ला शेअरमागे 608 पेन्सची बोली जिंकल्यानंतरही, मोठे कर्ज ब्रिटनमधील कंपनीवरच ठेवले होते आणि त्यासाठी मूळ कंपनीकडे धाव घेण्याचा हक्क बँकांना दिलेला नव्हता. असे असूनही पुढच्या काळात मूळ कंपनीला त्या धंद्यात पुन्हा पुन्हा पैसा घालावा लागला. हमी नसली तरी नावाची जबाबदारी असते, आणि बँकाही ती मनात धरून चालतात. पण स्वेच्छेने पैसा घालणे आणि नोटीस आल्यावर पंधरा दिवसांत भरणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या परिस्थितीत संचालक मंडळ किती आणि कधी ते ठरवते. दुसऱ्या परिस्थितीत ते एजंट बँक ठरवते.

कॉर्पोरेट गॅरंटीतली खरी भीती रकमेची नाही. ती क्रॉस डिफॉल्टच्या कलमात आहे. नाशिकच्या कन्सॉर्शियमच्या मंजुरीपत्रांत बहुधा लिहिलेले असते की कर्जदाराने किंवा त्याच्या गटातील कंपनीने इतरत्र कसूर केल्यास ती येथेही कसूर समजली जाईल. आता वरचा हिशेब आठवा. जर्मन होल्डिंग कंपनीचे गुणोत्तर 1.20 ऐवजी 1.12 आले, हप्ता थकला नाही, पण करारभंग झाला. हमी असेल तर तो धागा थेट सातपूरच्या कॅश क्रेडिटपर्यंत येतो, आणि दिवाळीच्या तोंडावर, जेव्हा पुरवठादारांचे धनादेश वटायचे असतात, तेव्हा शाखेतून फोन येतो की मर्यादा तूर्त गोठवली आहे. मी स्वतः असा एक प्रसंग हाताळला आहे. कंपनी नाशिकची नव्हती, चांगली होती, आणि तिने एकही हप्ता चुकवलेला नव्हता. सात आठवडे तिच्या कामगारांचे पगार मालकांनी वैयक्तिक ठेवी मोडून केले.

म्हणून हमीला माझे उत्तर सरसकट नकार असे नाही. हमी द्यावी, पण मापून द्यावी. सुरुवातीच्या काळात बँकांना काही आधार हवा हे समजण्यासारखे आहे, तर दोन सहामाही हप्त्यांइतक्या रकमेपुरती हमी द्या आणि गुणोत्तर सलग दोन वर्षे 1.30 च्या वर राहिले की ती आपोआप संपेल असे लिहून घ्या. या वाटाघाटीत नियम आपल्या बाजूने आहे. 2022 च्या परदेशी गुंतवणूक नियमांनुसार अमर्याद, रक्कम किंवा मुदत न लिहिलेली हमी देताच येत नाही. दिलेली कॉर्पोरेट हमी शंभर टक्के आर्थिक बांधिलकीत धरली जाते. ही एकूण बांधिलकी नक्त मालमत्तेच्या 400 टक्क्यांपर्यंत चालते, म्हणजे आपल्या बाबतीत 2800 कोटी रुपये, आणि आकडा पाहून अनेक मालक निर्धास्त होतात. ती कायद्याने घातलेली वरची मर्यादा आहे. आपल्या ताकदीचे ते मोजमाप नव्हे.

तारणाबाबत एक बारकावा सांगतो, कारण तो भारतीय बँकांच्या बाबतीत हमखास शेवटच्या आठवड्यात वर येतो. बँकिंग रेग्युलेशन अ‍ॅक्ट 1949 च्या कलम 19(2) नुसार बँकेला कोणत्याही कंपनीच्या भरणा झालेल्या भांडवलाच्या 30 टक्क्यांपेक्षा जास्त शेअर तारण म्हणूनही धारण करता येत नाहीत. होल्डिंग कंपनीचे शंभर टक्के शेअर तारण द्यायचे ठरले असेल तर ते कोणाच्या नावे, कोणत्या प्रमाणात, हे पहिल्या टर्म शीटवरच, म्हणजे मुख्य अटींच्या मसुद्यावरच, वकिलांनी सोडवलेले असावे.

मुदतीबद्दल माझा ठाम आग्रह आहे की एक वर्षाचे ब्रिज कर्ज, म्हणजे कायमचा निधी उभा होईपर्यंतचे तात्पुरते कर्ज, घेऊ नये. ते स्वस्त वाटते आणि लवकर मिळते. टाटा मोटर्सने जून 2008 मध्ये जग्वार लँड रोव्हर 230 कोटी डॉलरना घेतली, त्यासाठी 300 कोटी डॉलरचे अल्प मुदतीचे ब्रिज कर्ज होते आणि ते भागधारकांकडून भांडवल उभारून व इतर मार्गांनी फेडायचे नियोजन होते. सप्टेंबरमध्ये लेहमन ब्रदर्स कोसळली, शेअरचा भाव भागधारकांना देऊ केलेल्या हक्कभागाच्या किमतीखाली गेला आणि न खपलेला मोठा हिस्सा तो खपण्याची हमी घेतलेल्यांना घ्यावा लागला. उरलेले कर्ज 2009 मध्ये मुदत वाढवून आणि नवे रोखे काढून निभावून न्यावे लागले. टाटा समूहाचे नाव आणि बँकांशी असलेले संबंध पाठीशी होते म्हणून ते निभावले. सातपूरच्या कंपनीने सहा ते सात वर्षांचे मुदत कर्ज घ्यावे, शेवटच्या हप्त्यात फार मोठी रक्कम साठू देऊ नये, आणि व्याज युरिबॉर या युरोतील बदलत्या आंतरबँक दराशी जोडलेले असल्याने किमान दोन-तृतीयांश रकमेवर व्याजदराचा स्वॅप, म्हणजे बदलता दर ठरावीक दरात बदलून घेण्याचा करार, करून घ्यावा. कमाई युरोत आणि कर्ज युरोत असल्याने चलनाची चिंता कर्जाला नाही, ती नाशिकहून जाणाऱ्या भांडवलाला आहे. सही आणि पैसे देणे यांमध्ये तीन महिने गेले तर रुपया कुठे असेल, याची तजवीज फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या तारखेचा विनिमय दर आजच ठरवणारा करार, घेऊन करता येते.

कराराच्या मसुद्यातील दोन जागा मी प्रत्येक कर्जदाराला बोट ठेवून दाखवतो. पहिली म्हणजे कर्जाचे हस्तांतरण. लंडनच्या लोन मार्केट असोसिएशनच्या नमुन्यात बँकेला आपला वाटा दुसऱ्याला विकण्यासाठी कर्जदाराची संमती लागते, पण पाच कामकाजी दिवसांत स्पष्ट नकार गेला नाही तर ती संमती दिली असे मानले जाते. ती नोटीस ज्या ई-मेल पत्त्यावर येणार तो कोण रोज पाहतो, हे ठरवा. ओळखीच्या बँकेऐवजी संकटातील कर्जे विकत घेणारा एखादा फंड समोर येऊन बसणे परवडणारे नाही. दुसरी म्हणजे मतदान. बहुतेक सवलती दोन-तृतीयांश रकमेच्या बहुमताने मिळतात, तर व्याज, मुदत यांसारख्या बाबींना सर्वांची संमती लागते. तीन बँका समान वाट्याने असतील तर दोन जणींची मते म्हणजे नेमके दोन-तृतीयांश, आणि नमुन्यातील शब्दरचना दोन-तृतीयांशापेक्षा जास्त अशी असते. म्हणजे एक बँक रुसली की सगळे अडते. वाटे समान न ठेवता 40, 35 आणि 25 टक्के ठेवले तर निदान सर्वांत लहान वाट्याची बँक एकटी रुसून सगळे अडवू शकत नाही, बाकी दोघींची 75 टक्के मते पुरतात.

वेळेचे उत्तर: माझ्या अंदाजाने सुरुवातीपासून सोळा ते अठरा आठवडे. त्यातील पहिले चार आठवडे कर्जाच्या नव्हे, तर नाशिकच्या कन्सॉर्शियमच्या ना-हरकत पत्राचे आहेत, कारण परदेशी गुंतवणूक आणि हमी या दोन्हींना त्यांची पूर्वसंमती मंजुरीपत्रांत जवळजवळ नेहमीच लागते. तिन्ही बँकांचे विभागीय कार्यालय वेगळे, त्यांच्या बैठकींचे दिवस वेगळे. विक्रेत्याला तत्त्वतः मंजुरीचे पत्र दाखवून भागत नाही. त्याला बांधील पत्र हवे असते, ज्यातल्या अटी मोजक्या आणि कर्जदाराच्या हातातल्या असतात. चाळीस अटींचे मंजुरीपत्र हातात ठेवले तर जर्मन वकील ते सभ्यपणे बाजूला ठेवतो आणि दुसऱ्या खरेदीदाराशी बोलू लागतो. जर्मनीत युरोपीय संघाबाहेरील खरेदीदाराच्या गुंतवणुकीची तेथील आर्थिक व्यवहार मंत्रालयाकडून छाननी होऊ शकते. त्या मंजुरीला वेळ लागला तर कर्ज उचलण्याची मुदत खरेदी कराराच्या अंतिम तारखेच्या पुढेच संपली पाहिजे, आधी नव्हे. हे साधे वाटते, पण दोन करार दोन वेगळे वकील लिहितात आणि तारखा जुळवणे कोणाचेच काम नसते.

सह्यांचा दिवस कसा असतो ते सांगतो, म्हणजे तयारीची कल्पना येईल. जर्मन मर्यादित कंपनीचे शेअर नोटरीसमोरच हस्तांतरित होतात आणि नोटरी संपूर्ण दस्त मोठ्याने वाचून दाखवतो, कायद्यानेच. एका सौद्यात सकाळी नऊला सुरू झालेले वाचन दुपारी अडीचला संपले, मध्ये फक्त कॉफी. त्या सौद्यातील खरेदीदार कंपनीने आपल्या प्रतिनिधीचे मुखत्यारपत्र गावातील नोटरीकडून करून आणले होते, शिक्के, तिकिटे, लाल फीत सगळे व्यवस्थित. जर्मन नोटरीने ते हातात घेतले, पालथे केले आणि परत दिले. सही जर्मन वाणिज्य दूतावासात प्रमाणित झालेली हवी होती. संचालक दुसऱ्या दिवशी पहाटेच मुंबईला निघाले, पण दूतावासात भेटीची वेळ मिळेपर्यंत नऊ दिवस गेले. तेवढे दिवस न उचललेल्या कर्जावर बांधिलकी शुल्क चालू राहिले, आणि विक्रेत्याच्या चेहऱ्यावरचा विश्वास जो गेला तो वेगळाच. आपले मुखत्यारपत्र कराराच्या मसुद्याबरोबरच तयार करा आणि त्याचा मजकूर जर्मन नोटरीला आधी ई-मेलने पाठवून होकार घ्या.

पैसे जाण्याच्या दिवशी एक पानाचे निधी-वाटप पत्रक सर्वांनी सही केलेले असते. कोणत्या खात्यातून किती, कोणत्या क्रमाने, विक्रेत्याच्या जुन्या बँकेचे कर्ज फेडायला किती, नोटरीच्या खात्यात किती. नाशिकचे भांडवल मात्र आधी पोहोचलेले असावे लागते, कारण बँकांची पहिली अट तीच असते. ते पाठवण्यासाठी फॉर्म एफसी आपल्या अधिकृत विनिमय बँकेकडे द्यावा लागतो आणि त्यातून युनिक आयडेंटिफिकेशन नंबर मिळतो. नाशिकच्या शाखेने हे काम आधी केलेले नसेल तर मुंबईच्या परकीय विनिमय शाखेतील एका अधिकाऱ्याचे नाव आणि थेट फोन नंबर आजच मागून घ्या. शेअर मिळाल्याचा पुरावा सहा महिन्यांत द्यायचा आहे आणि त्यानंतर दरवर्षी 31 डिसेंबरपर्यंत वार्षिक कामगिरी अहवाल. तो चुकला तर त्याच परदेशी कंपनीत पुढचे पैसे पाठवताना अडवणूक होते, आणि वाईट वर्षी भांडवल घालून गुणोत्तर सावरण्याची जी सवलत आपण करारात मागून घेणार आहोत, ती नेमकी तेव्हाच वापरता येत नाही.

सध्या पहिले काम म्हणून तिन्ही बँकांची मंजुरीपत्रे काढा आणि क्रॉस डिफॉल्ट, गटातील कंपनी आणि पूर्वसंमती हे शब्द ज्या ज्या कलमांत आले आहेत ती एका तक्त्यात उतरवा. जर्मन कंपनीच्या 2020 पासूनच्या रोख प्रवाहाचा तक्ता त्याशेजारी ठेवा, ते कोविडचे वर्ष न वगळता. टर्म शीटवर बँकेशी बोलणी हे दोन कागद हाती आल्यावरच सुरू करा.